लंडनहून पॅरिस किती लांब?

मुलांनो, सुरुवात एका सोप्या गणिताने करू या. लंडनचा हीथ्रो विमानतळ आणि पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ यांच्यामधलं हवाई अंतर आहे सुमारे ३४७ किलोमीटर. प्रवासी विमान एकदा वर चढून स्थिरावलं की ताशी ८०० किलोमीटरचा वेग सहज गाठतं. मग लंडनहून पॅरिसला पोचायला किती वेळ लागेल? करा भागाकार. उत्तर येतं सव्वीस मिनिटं. शाळेचा एक तासही एवढ्यात संपत नाही!

आता विमानाचं वेळापत्रक उघडू. त्यात साधारण असं दिसतं: लंडनहून सकाळी दहाला निघालेलं विमान पॅरिसला बारा वाजून वीस मिनिटांनी उतरतं. आणि परतीचं विमान पॅरिसहून दुपारी तीनला निघून लंडनला तीन वाजून वीस मिनिटांनी हजर! म्हणजे जाताना दोन तास वीस मिनिटं आणि येताना फक्त वीस मिनिटं? शहरं तीच, विमान तेच, मधलं अंतर तेच. वेळा मात्र तीन वेगवेगळ्या. यातली खरी कुठली?

या कोड्याच्या मागे लागलं की फार मजेशीर गोष्टी हाती लागतात. त्यात एक सेनाधिकारी आहे, काचेच्या नळ्या आहेत, आकाशातून अंगावरचे कपडे खाली फेकणारे दोघे जण आहेत आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातलं एक गावही आहे. चला तर मग.

आधी अंतराचं बघू. "लंडनहून पॅरिस किती लांब?" असं कोणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी आपण उलटा प्रश्न करायचा: "कुठपासून कुठपर्यंत? आणि कुठल्या वाटेने?" शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत सरळ मोजलं तर ३४४ किलोमीटर. विमानतळ ते विमानतळ ३४७. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आहे आणि शार्ल द गोल पॅरिसच्या ईशान्येला, तरी दोन्ही आकडे इतके जवळ आले हा निव्वळ योगायोग. आगगाडीच्या रुळांवरून मोजलं तर हेच अंतर जवळजवळ ४९० किलोमीटर भरतं. मोटारीने निघालात तर साडेचारशेच्या पुढे, आणि मध्ये समुद्र लागणार तो वेगळाच.

पण "सरळ" म्हणजे तरी काय? पृथ्वी गोल आहे ना! एक संत्रं घ्या. त्यावर पेनने दोन ठिपके काढा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा संत्र्याच्या सालीला चिकटून वाकतो, पण दोन ठिपक्यांमधली सालीवरची सगळ्यात आखूड वाट तीच असते. विमानाचं अंतर मोजतात ते असं, सालीवरून. आता त्याच दोन ठिपक्यांमधून एक सुई आरपार घाला. ती सालीखालून जाईल आणि दोऱ्यापेक्षा थोडी आखूड भरेल. समजा, लंडन ते पॅरिस असा सुईसारखा अगदी सरळ बोगदा खणला, तर तो मध्यावर जमिनीच्या पातळीपासून किती खोल असेल? सुमारे २.३ किलोमीटर! आणि एवढं खोल खणून आपलं अंतर किती वाचेल? फक्त ४२ मीटर. एका क्रिकेटच्या मैदानाच्या रुंदीपेक्षाही कमी. मला हा हिशेब फार आवडतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे, त्यात ही दोन शहरं अगदी शेजारी शेजारी बसली आहेत, म्हणून असं होतं.

बरं, ३४४ हा आकडा आला कुठून? आज उपग्रह आहेत, संगणक आहेत. पण लंडन आणि पॅरिसमधलं अंतर नीट मोजलं गेलं ते सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी, आणि मध्ये खवळलेली इंग्लिश खाडी असताना. समुद्रावर मोजपट्टी कशी टाकणार?

गोष्ट अशी. लंडनजवळ ग्रिनिचला एक मोठी वेधशाळा होती आणि पॅरिसमध्ये दुसरी. दोन्हीकडचे खगोलशास्त्रज्ञ आकाशातले ग्रह-तारे टिपून ठेवायचे. पण एकमेकांच्या नोंदी जुळवायच्या तर या दोन वेधशाळा पृथ्वीवर नेमक्या कुठे आहेत, एकमेकींपासून किती दूर आहेत, हे पक्कं ठाऊक हवं. १७८३ मध्ये फ्रान्सच्या कासिनी नावाच्या शास्त्रज्ञाने इंग्लंडला सुचवलं, की आपण दोघं मिळून हे मोजू या. या कासिनींच्या घरात चार पिढ्या पॅरिसच्या वेधशाळेचं काम पाहत होत्या. पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा, सगळे आकाशाकडे डोळे लावून बसलेले! काम सुरू झालं त्याच वर्षी हे कासिनी वारले आणि पुढचं त्यांच्या मुलाने हाती घेतलं.

इंग्लंडच्या बाजूने ही जबाबदारी आली विल्यम रॉय या सेनाधिकाऱ्यावर. त्याने वापरलेली युक्ती तुम्ही भूमितीच्या तासाला शिकणार आहात, काही जण शिकलेही असतील. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले, की उरलेल्या दोन बाजू न मोजता काढता येतात. म्हणजे जमिनीवर फक्त एक रेषा प्रत्यक्ष मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे किंवा मनोऱ्याकडे पाहून कोन मोजायचे. झाला त्रिकोण. त्याची नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण, तिच्यावरून आणखी पुढचा. असं करत करत समुद्रसुद्धा ओलांडता येतो, पाय ओला न करता.

पण पहिली रेषा चुकली तर पुढचे सगळे त्रिकोण चुकणार. म्हणून रॉयने तिच्यासाठी जिवाचं रान केलं. १७८४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पश्चिमेला हाउन्सलो नावाच्या सपाट माळरानावर काम सुरू झालं. सैनिकांनी झुडपं तोडून वाट मोकळी केली. आधी देवदारी लाकडाच्या लांब कांड्या एकापुढे एक ठेवून मोजायला घेतलं. पण हवा दमट झाली की लाकूड फुगायचं, कोरडी झाली की आकसायचं. दररोज कांडीची लांबीच बदलणार असेल तर मोजायचं कशाने? मग रॉयने वीस फूट लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या. दमट हवेचा काचेवर परिणाम होत नाही. विचार करा, माणसापेक्षा तिपटीहून लांब काचेच्या नळ्या, एकीला लागून दुसरी, अशा आठ किलोमीटरहून जास्त अंतरावर! उत्तर आलं २७,४०४ फूट. काही वर्षांनी दुसऱ्यांनी पोलादी साखळीने तीच रेषा पुन्हा मोजली, तेव्हा फरक निघाला काही इंचांचा. आठ किलोमीटरमागे काही इंच! असं काम पाहिलं की आपल्या वहीतली रेघ सुद्धा नीट काढावीशी वाटते.

कोन मोजायला जेसी रॅम्सडन या कारागिराने एक थिओडोलाइट बनवला. थिओडोलाइट म्हणजे दुर्बीण बसवलेला मोठा कोनमापक. तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक मुठीत मावतो. याची चकती तीन फूट व्यासाची होती आणि सगळं यंत्र भरायचं सुमारे ९० किलो. ते बनवायला रॅम्सडनला तीन वर्षं लागली. रॉय वाट पाहून वैतागला होता, पण यंत्र आलं ते असं, की एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या एका-दोन भागांइतका बारीक फरकही ते टिपायचं.

१७८७ च्या शरद ऋतूत खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं उभी राहिली. इकडे डोव्हरचा किल्ला आणि दुसरी एक टेकडी. तिकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कडे आणि डंकर्कचा मनोरा. दिवसा समुद्रावर धुकट हवा, काहीच स्पष्ट दिसेना. म्हणून रात्री एका काठावर पांढराशुभ्र उजेड देणारी दारू पेटवायची आणि दुसऱ्या काठावरून दुर्बिणीतून त्या ठिपक्याचा कोन घ्यायचा. अशा रीतीने इंग्लंडचे त्रिकोण आणि फ्रान्सचे त्रिकोण समुद्रावर एकमेकांना जोडले गेले. शेकडो वर्षं एकमेकांशी लढत आलेले हे दोन देश. मोजणीसाठी मात्र त्यांनी एकमेकांना रात्री दिवे दाखवले. रॉय १७९० मध्ये वारला, त्या वेळी तो याच कामाच्या शेवटच्या अहवालाची मुद्रितं तपासत होता.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातलं ते गाव. त्रिकोणांची हीच पद्धत भारतात मोठ्या प्रमाणावर आणली विल्यम लॅम्टन याने. १८०२ मध्ये मद्रासजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईजवळ, त्याने पहिली रेषा मोजली आणि मग त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो पुढे सरकत राहिला. त्याच्याकडचा थिओडोलाइट तर अर्ध्या टनाचा होता! वीस वर्षं हे काम केल्यावर हैदराबादहून नागपूरकडे जाताना, १८२३ च्या जानेवारीत, हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे हेच त्रिकोण हिमालयापर्यंत पोचले आणि त्यांच्यावरूनच एव्हरेस्टची उंची काढली गेली.

अंतर मोजून झालं. आता ते उडून पार करायचं.

डोव्हरहून फ्रान्सला हवेतून जाणारे पहिले दोघे गेले ते फुग्यातून, ७ जानेवारी १७८५ ला. ब्लांशार हा फ्रेंच वैमानिक आणि जेफ्रीज हा अमेरिकन डॉक्टर. अर्धी खाडी पार झाली आणि फुगा खाली येऊ लागला. वाळूची पोती फेकली, तरी खाली. खाण्याचं सामान फेकलं, हवेत वल्हवायला आणलेली वल्ही फेकली, तरी खाली. शेवटी दोघांनी कोट काढून फेकले, आणि मग विजारीसुद्धा! जानेवारीची थंडी, खाली समुद्र. फुगा वर उचलला गेला आणि सुमारे अडीच तासांनी ते फ्रान्समधल्या एका जंगलात झाडांवर उतरले.

हे दोघे इंग्लंडकडून फ्रान्सकडे गेले हे लक्षात ठेवा. फुग्याला स्वतःची दिशा नसते, वारा नेईल तिकडे जायचं. या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो. त्याच वर्षी पिलात्र द रोझिए या धाडसी फ्रेंच माणसाने उलट्या बाजूने, फ्रान्सहून इंग्लंडला जायचं ठरवलं. अनुकूल वाऱ्याची तो कित्येक महिने वाट पाहत राहिला. जूनमध्ये अखेर तो सोबत्यासह उडाला, पण वाऱ्याने फुगा परत जमिनीकडे लोटला, फुगा कोसळला आणि दोघंही दगावले. वाऱ्याची ही गोष्ट आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

मग विमान आलं. २५ जुलै १९०९ च्या पहाटे लुई ब्लेरिओ हा फ्रेंच इंजिनियर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेजवळून उडाला. त्याचं इंजिन होतं फक्त २५ अश्वशक्तीचं. आजच्या लहानशा मोटारगाडीलाही याहून जोरदार इंजिन असतं. काही दिवसांपूर्वी त्याचा पाय भाजला होता, तो कुबड्या घेऊन विमानापर्यंत आला. त्याच्याजवळ होकायंत्रसुद्धा नव्हतं. मधली दहा मिनिटं त्याला चहूकडे फक्त धुकं आणि पाणी दिसत होतं, कुठलाच किनारा नाही. छत्तीस मिनिटं आणि काही सेकंदांनी तो डोव्हरच्या किल्ल्याजवळच्या गवतावर आदळत उतरला. विमान मोडलं, पण तो सुखरूप होता.

त्यानंतर जेमतेम दहा वर्षांत, २५ ऑगस्ट १९१९ ला, लंडन आणि पॅरिस यांच्यात रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या विमानात प्रवासी किती होते, ओळखा. एक! तो वर्तमानपत्राचा वार्ताहर होता. सोबत सामान होतं: वर्तमानपत्रं, चामडं, सायीच्या बरण्या आणि शिकार केलेले पक्षी. पोचायला लागले सुमारे अडीच तास. आणि हे विमान उडालं कुठून? हाउन्सलोच्या माळरानावरून. तेच माळरान, जिथे रॉयने काचेच्या नळ्या मांडल्या होत्या. त्या रेषेचं एक टोक तर आजच्या हीथ्रो विमानतळाला लागून आहे. खूण म्हणून तिथे एक जुनी तोफ तोंड वर करून जमिनीत उभी पुरलेली आहे. १९४४ मध्ये विमानतळ बांधायला घेतला तेव्हा ती उपटली होती, १९७२ मध्ये पुन्हा तिच्या जागी बसवली.

आता आपलं कोडं. सव्वीस मिनिटांचा प्रवास वेळापत्रकात इतका मोठा कसा झाला?

घड्याळाची गंमत जरा बाजूला ठेवू. खरा लागणारा वेळ आहे एक तास वीस मिनिटांच्या आसपास. पण इथेही आपला प्रश्न विचारायचा: कुठपासून कुठपर्यंत? वेळापत्रकातली वेळ मोजतात ती विमान आपली उभं राहायची जागा सोडतं तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत. विमान हवेत असतं ते त्यातला साधारण पाऊण तासच. बाकीचा वेळ ते जमिनीवर चाकांवर चालत असतं. हीथ्रोला धावपट्ट्या आहेत दोनच, आणि उडायला-उतरायला विमानं भरमसाट. म्हणून रांग. शार्ल द गोलला चार धावपट्ट्या आहेत, पण तो इतका पसरलेला आहे की उतरल्यावर दारापाशी पोचायलाच बरीच मिनिटं जातात.

बरं, पाऊण तास तरी का? सव्वीस मिनिटं का नाहीत? कारण विमानाने ताशी ८०० चा वेग उडाल्या उडाल्या गाठलेला नसतो. दहा हजार फुटांखाली, जिथे विमानांची खूप ये-जा असते, तिथे वेगाला मर्यादा असते: ताशी सुमारे ४६० किलोमीटर. वर चढायचं, थोडा वेळ सरळ जायचं, की लगेच उतरायची तयारी. मुंबईहून दिल्लीला जाणारं विमान निवांत उंचावर जातं आणि बराच वेळ वेगात राहतं. लंडन-पॅरिसच्या विमानाला पूर्ण वेगाने उडायला मिळतात ती थोडकीच मिनिटं.

आणि सगळ्यात मजेदार कारण सांगू? पॅरिस आहे लंडनच्या आग्नेयेला. पण विमान बहुतेक दिवशी हीथ्रोहून पश्चिमेला उडतं, म्हणजे पॅरिसकडे पाठ करून! विमानाला उडताना आणि उतरताना समोरून येणारा वारा लागतो. समोरचा वारा पंखांवरून जोरात वाहतो, त्यामुळे जमिनीवर कमी धावूनही विमान उचललं जातं. तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणून तोंड पश्चिमेला. उडाल्यावर ते वळतं आणि मग पॅरिसची वाट धरतं. येतानाही तसंच. पॅरिसहून आलेल्या विमानाला लंडनच्या पूर्वेकडे जाऊन, वळून, शहरावरून पश्चिमेकडे तोंड करून उतरावं लागतं. शिवाय गर्दी असेल तर आकाशातच थांबावं लागतं. विमान थांबणार कसं? गोल गोल फिरून! लंडनच्या चार बाजूंना अशा फेऱ्या मारण्याच्या चार जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी विमानं एकाच्या वर एक, मध्ये हजार हजार फुटांचं अंतर ठेवून फिरतात. सगळ्यात खालच्याला उतरायला बोलावलं की बाकीची एकेक पायरी खाली येतात.

वाऱ्याचं आणखी एक गणित करून बघा, हे घरच्या मोठ्यांनाही घाला. अंतर ३५० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ७००. वारा नसेल तर जायला तीस मिनिटं, यायला तीस मिनिटं, एकूण साठ. आता जाताना ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीमागून आहे आणि येताना तोच वारा समोरून. बहुतेक जण म्हणतील, "जाताना जेवढं मिळालं तेवढं येताना गेलं, एकूण साठच!" पण मोजा. जाताना वेग ८००, वेळ सव्वासव्वीस मिनिटं. येताना वेग ६००, वेळ पस्तीस मिनिटं. बेरीज एकसष्ट मिनिटं पंधरा सेकंद! वाऱ्याने आपल्याला जेवढं दिलं त्यापेक्षा जास्त काढून घेतलं. कारण उघड आहे: समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो, त्यामुळे त्याला आपल्याला अडवायला जास्त वेळ मिळतो. वारा ताशी ३५० धरला तर एकूण ऐंशी मिनिटं होतात. आणि ७०० धरला तर? येतानाचा वेग काढा, मग कळेल पिलात्र द रोझिएला वाऱ्याची एवढी वाट का पाहावी लागली.

राहिली घड्याळाची गंमत. पॅरिसची घड्याळं लंडनच्या नेहमी एक तास पुढे असतात. लंडनला दहा वाजलेले असतात तेव्हा पॅरिसला अकरा. म्हणून जाताना वेळापत्रकात एक तास वाढतो आणि येताना तोच तास परत मिळतो. एक तास वीस मिनिटांत एक मिळवा, दोन तास वीस. एक वजा करा, वीस मिनिटं. सुटलं कोडं! याच कारणाने पूर्वी काँकॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान विमान लंडनहून सकाळी साडेदहाला निघून न्यूयॉर्कला तिथल्या सकाळी साडेनऊच्याही आधी पोचायचं. निघण्याआधी पोचणं म्हणतात ते हेच.

पण सूर्याला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. पॅरिसची वेधशाळा ग्रिनिचच्या पूर्वेला सव्वादोन अंशांहून किंचित जास्त आहे. म्हणजे पॅरिसच्या माथ्यावर सूर्य येतो तो लंडनच्या फक्त ९ मिनिटं २१ सेकंद आधी. पूर्वी पॅरिसची घड्याळं खरोखर तेवढीच पुढे असायची. बरंच जग ग्रिनिचची वेळ मानू लागलं, तरी फ्रान्सला ती मान्य करायला जड जात होतं. शेवटी १९११ मध्ये त्यांनी कायदा केला, की फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ, पण ९ मिनिटं २१ सेकंद मागे. ती झाली ग्रिनिचचीच वेळ, फक्त ग्रिनिचचं नाव घेतलं नाही! पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्सचा ताबा घेतला आणि पॅरिसची घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली. युद्ध संपलं, पण तो एक तासाचा फरक राहिला. तुमच्या विमानाच्या वेळापत्रकात डोकावतो तो हाच तास.

आता शेवटचा प्रश्न: पॅरिसला जायचं झालं तर विमानाने जावं का? समुद्राखालून बोगदा आहे. ५० किलोमीटर लांबीचा, त्यातले जवळपास ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखाली. तो १९९४ मध्ये सुरू झाला. त्यातून जाणारी आगगाडी जमिनीवर ताशी ३०० किलोमीटरने धावते, बोगद्यात ताशी १६० ने, आणि लंडनहून पॅरिसला सर्वांत वेगवान गाडी दोन तास सोळा मिनिटांत पोचते. १९१९ च्या त्या विमानापेक्षाही लवकर! आजचं विमान एक तास वीस मिनिटं घेतं हे खरं, पण हीथ्रोपर्यंत जायचं, तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, उतरल्यावर पुन्हा शहरात यायचं, ते सगळं धरा. आगगाडीलाही आधी जाऊन तपासणी करून घ्यावी लागते, पण ती शहराच्या मध्यातून सुटते आणि शहराच्या मध्यात थांबते. घरापासून हॉटेलपर्यंतचा वेळ मोजला तर बहुतेक वेळा आगगाडीच जिंकते, आणि विमानापेक्षा हवेत धूरही कितीतरी कमी सोडते. या वाटेवरचे बहुतेक प्रवासी आता आगगाडीनेच जातात. फ्रान्सने तर २०२३ पासून आपल्या देशातल्या ज्या गावांना आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येतं, तिथली काही विमानं बंदच केली. मला विचाराल तर हा निर्णय शहाणपणाचा आहे.

आता तुमच्यासाठी काम. रॉयने केलं तसं तुम्हीही मैदानावर करू शकता. मैदानाच्या एका कडेला टेपने वीस मीटरची रेषा मोजा. पलीकडच्या कडेचं एक झाड निवडा. रेषेच्या एका टोकाला बसा, कोनमापकावर स्ट्रॉ ठेवून तिच्यातून झाडाच्या बुंध्याकडे बघा आणि रेषेशी होणारा कोन लिहून घ्या. दुसऱ्या टोकाला जाऊन तेच करा. घरी येऊन वहीत दहा सेंटिमीटरची रेघ काढा, म्हणजे एक सेंटिमीटर बरोबर दोन मीटर झाले. दोन्ही टोकांना ते कोन काढा. रेघा जिथे मिळतील तिथे झाड. तिथून रेघेपर्यंतचं सरळ अंतर पट्टीने मोजा आणि दुपटीने मीटर करा. मग मैदानात जाऊन टेपने खरं अंतर पडताळा. तुमची आकृती, मोजलेले कोन आणि दोन्ही उत्तरं आम्हाला पाठवा. हाच प्रयोग नदीच्या पलीकडच्या झाडावर करायचा असेल, तर घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा.